पत्रक माझं, मान खाली त्यांची

तुम्ही शेवटचा पश्चात्ताप कोणासमोर केलात? फक्त देवासमोर? मग ऐका, कारण मीही तिथेच थांबले होते.

भिवंडीतल्या आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील ख्रिस्ताच्या सुवार्तेची पत्रकं वाटत. उरलेल्या गठ्ठ्यावर बसून मी अक्षरं जुळवायला शिकले. ‘पश्चात्ताप करा’ हेच बहुधा मी वाचलेलं पहिलं वाक्य. त्यामुळे विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रक लिहिलं, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही.

पत्रक दारूविरुद्ध होतं. ‘आपल्याच मंडळीत एक जण आंबट वास घेऊन येतो, मागच्या बाकावर झोपतो, आणि आपण गप्प बसतो!’ असं मी ठणकावून लिहिलं. नाव नव्हतं. पण मागच्या बाकावर झोपणारे एकच होते, अंजूर गावचे एक काका. पत्रक मी घरोघर दिलं. पुढच्या रविवारी तो बाक रिकामा. त्याच्या पुढच्याही.

मग पाळकांच्या पत्नीने मला बाजूला घेतलं. “अगं, ते सायझिंगच्या कारखान्यात कामाला आहेत. सुताला लावायची खळ आंबते, तिचा वास तो. रात्रपाळी करून थेट उपासनेला येतो माणूस. भिवंडीत जन्मलीस ना तू?”

जन्मले होते. सायझिंगच्या भिंतीकडेने शाळेत गेले होते. रोज नाकात बसलेला वास माणसाच्या अंगावर आला, तेव्हा मी त्याला दारू म्हटलं.

मी गुडघे टेकले, खूप रडले. उठले तेव्हा हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटली. माझं ओझं उतरलं होतं. काका मात्र अजून घरोघर दारुडेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी मी सायझिंगच्या फाटकाशी उभी राहिले. काका मला पाहून थबकले.

“काय गं, नवा कागद आनलास?”

“काका, माझं चुकलं. मी खोटं लिहिलं.”

“बाटली घेतली हाय मी. खोकल्याच्या औषधाची. ती पन कडू.” ते हसले नाहीत. “बायको म्हनते, आता तिथं पाय ठेवायचा न्हाय.”

“मी माफीचं पत्रक काढते. सगळ्यांना देते.”

“कागद पुरे झाले, पोरी. सगळ्यांसमोर तोंडानं बोल. मग बघू.”

रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभी राहिले. कागदावर मी वाघीण. तिथे मात्र “काका दारू पीत नाहीत. खोटं मी पसरवलं. मला क्षमा करा,” एवढंच जमलं. दारात काका आणि काकू उभे होते. काकू तरातरा आत आल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “झालं ना? मग बस आता. गीत सुरू करू दे त्यांना.”

त्या तुटक शब्दांइतका मोठा आशीर्वाद मला अजून मिळालेला नाही. काकांनी मला स्वस्तात सोडलं नाही, हे त्यांचे उपकार. ख्रिस्त माणसाला मागे वळायला सांगतो. त्या वळणावर दुखावलेल्या माणसाचं दार येतं, हे मला त्यांनी शिकवलं. त्याआधी क्षमा मी फक्त वाटली होती, चाखली नव्हती.

तुम्ही कोणाबद्दल खोटं बोलला असाल, तर आज त्याच्या घरी जा. आणि ज्यांच्यापाशी बोललात, त्यांच्याही घरी जाऊन खरं सांगा.