धाकट्या जावयाचं फाटक

माझे दोन जावई एकमेकांचे साडू. साडू म्हणजे सासऱ्याने एकदा केलेली चूक पुन्हा केल्याचा पुरावा. हे मी बोललो की दोन्ही मुली आठवडाभर अबोला धरतात. तेवढीच घरात शांतता.

आज धाकट्याचं सांगतो, कारण जास्त आडमुठा तो. किडकिडीत माणूस, बोलताना समोरच्याकडे नाही, भिंतीकडे बघणारा. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचा. थोरला चित्रकार. दोघांनी चांगल्या नोकऱ्या सोडल्या आणि व्हिडिओ गेम बनवायची कंपनी काढली, ती माझ्या शिलाईच्या बंद पडलेल्या दुकानात. कापड बेतायच्या माझ्या लांब टेबलावर समोरासमोर बसायचे. दुसऱ्याच वर्षी धाकट्याने माझाच खडू उचलून टेबलाच्या मधोमध रेघ ओढली. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, पण इतकी सरळ रेघ मला कधी जमली नाही. तेवढा राग अंगात हवा!

बोलणं संपलं. उरली भिंतीवरची चुकांची यादी. तिच्यात दोघं लिहायचे.

"घोड्याला पाच पाय आहेत." हा धाकटा.

"पाचवा पाय नाही, शेपूट आहे. चष्मा बदल." हा थोरला.

"नायक भिंतीतून आरपार जातो." हाही थोरलाच.

"तुम्ही दार काढायला विसरलात, त्याने काय करावं?"

असं भांडत भांडत सात वर्षांत एकच गेम झाली. एक माणूस सात फाटकं ओलांडून घरी पोचतो. शेवटचं फाटक उघडलं की पडद्यावर, गेम कुणी बनवली त्यांची नावं. धाकट्याचा सगळा जीव त्या नावांत. त्याचे वडील निवृत्त हेडक्लार्क. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की चारचौघांत सांगायचे, "खेळतो." त्यांना पडद्यासमोर बसवून आपलं नाव दाखवायचं, एवढ्यासाठी हा सात वर्षं साडूचं तोंड बघत बसला होता.

नावांचं चित्र थोरल्याने काढलं. गेम बाजारात जायच्या आदल्या दुपारी धाकट्याने ती शेवटपर्यंत खेळून पाहिली. पडद्यावर थोरल्याचं नाव, दोन्ही मुलींची, जागा दिली म्हणून माझं, दुकानातल्या मांजराचंसुद्धा. ह्याचं नाही.

त्याने शेवटचं फाटक कायमचं बंद केलं. कुठलीही किल्ली आणा, तिथला द्वारपाल नुसती नकाराची मान हलवणार. आणि तशीच गेम बाजारात गेली.

पहिल्या आठवड्यात लोकांनी वाहवा केली. दुसऱ्यात डोकं खाजवलं. तिसऱ्यात शिव्या सुरू झाल्या. थोरला स्वतःची चित्रं बघायचा, गेम खेळायचा नाही. शेवटी झक मारत खेळला आणि पाच वर्षांनी रेघेपलीकडे तोंड उघडलं.

"फाटक उघड."

"आधी माझं नाव घाला."

"कुठलं नाव?"

"मांजराचं आठवलं, माझं नाही आठवलं?"

"अरे गाढवा, तुला अख्खं दुसरं पान दिलंय!"

थोरल्याने ते पान काढून दाखवलं. पानभर एकटा धाकटा: मोठ्या अक्षरात नाव, खाली चेहरा, चष्म्यासकट.

मग ते पडद्यावर का येईना? माझी धाकटी चहा घेऊन आली होती. तिने भिंतीवरची यादी वर-खाली बघितली आणि नवऱ्याच्याच अक्षरातली चार वर्षांपूर्वीची ओळ मोठ्याने वाचली: "थोरले एक मागितलं की आठ चित्रं देतात. यापुढे प्रोग्रॅम त्यांचं पहिलंच पान घेईल, बाकीची फेकेल."



शहाण्या माणसाने तिथल्या तिथे फाटक उघडलं असतं. ह्याने चित्र डोळ्यांजवळ धरलं, खडू घेतला आणि यादीत लिहिलं, "नाक चुकलं आहे. दुरुस्त करा."

थोरल्याने खाली लिहिलं, "चित्र बरोबर आहे. मूळ नाक दुरुस्त करा."

त्या नाकापायी फाटक आणखी दोन आठवडे बंद. शेवटी धाकटी कडाडली, "आधी फाटक, मग नाक! नाहीतर मी माहेरी जाते." माहेर म्हणजे दुकानाच्या मागची खोली, पण तो घाबरला. फाटक उघडलं, दुसरं पान लागलं, नाक तेवढं तसंच राहिलं. तोवर लोक दुसऱ्या गेमकडे वळले होते. कंपनीला कुलूप लागलं आणि टेबल मला परत मिळालं.

त्यानंतर शेवटपर्यंत पोचलेला माझ्या माहितीतला माणूस एकच: हेडक्लार्क व्याही. दोन महिने, रोज सकाळी एक तास, ऑफिसला बसल्यासारखे बसून खेळले. मुलगा मागे उभा. पान आलं. व्याह्यांनी नाव वाचलं, चेहरा निरखला, आपल्या नाकावरून बोट फिरवलं.

"नाक आपल्याच घराण्याचं आहे," म्हणाले. "त्या चित्रकाराला हात आहे हो!"

धाकट्याने मॉनिटर बंद केला.

हल्ली कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर व्याही "खेळतो" म्हणत नाहीत. म्हणतात, "फाटकं बंद करतो."