रागवण्यासाठी उमरेडला

नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळची थंडी होती आणि खिशातल्या फोनमध्ये सरिताचा राजीनामा होता. मी पुण्यात घरी बसून एका मालवाहतूक कंपनीची पाच माणसं सांभाळतो. तीही आपापल्या घरी बसून कुठला ट्रक कुठे न्यायचा ते ड्रायव्हरांना फोनवर सांगतात आणि तो कुठे पोचला ते शोधतात. सरिता त्यांतली सगळ्यांत जुनी आणि भरवशाची. ती गेली तर बाकीचे फार टिकणार नव्हते. राजीनाम्यात 'घरगुती कारण' एवढंच होतं आणि ती फोन उचलत नव्हती. म्हणून निघालो.

त्याआधी आम्हां टीमप्रमुखांना सकारात्मक नेतृत्वाचं प्रशिक्षण मिळालं होतं. पडद्यावर गरुड होता. गरुड कधी टीममध्ये काम करतो का, ही शंका मी मनातच ठेवली. नियम मात्र पाळला: 'चूक' म्हणायचं नाही, 'शिकण्याची संधी' म्हणायचं.

स्टेशनवर टीममधला प्रशांत मोटरसायकल घेऊन आला होता. त्यानं मला थेट शहराबाहेरच्या वाडी भागात, त्याच्या खोलीजवळच्या टपरीवर नेलं. तिथे तर्री-पोहे (पोह्यांवर चण्याचा तिखट, तेलकट रस्सा) खाल्ले. समोर गोदामांची रांग आणि ट्रकच ट्रक. इतकी वर्षं मला ते नकाशावरच्या ठिपक्यांएवढे दिसत आले होते. प्रत्यक्षात बरेच मोठे असतात.

"सर, सरिताताईले खरंच काढून राहिले का?" प्रशांतनं विचारलं.

"कोण काढतंय? मी तिला थांबवायला आलोय."

"थांबवायले पुण्याहून?" तो हसला. "आम्ही त समजलो, तोंडावर सांगून काढायले आले."

त्यानं मला सरिताच्या गावी, उमरेडला जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं. दिवसभर ट्रकांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला बसमध्ये झोप लागली आणि उमरेड मागे गेलं. "उतरा जी, तुमचं गाव गेलं," कंडक्टर म्हणाला, तेही अगदी आदरानं. एका ट्रॅक्टरवाल्यानं धानाच्या पोत्यांवर बसवून परत आणलं आणि आभार मानायच्या आत निघून गेला. नागपूरच्या संत्र्यांबद्दल मी लिहिणार नाही, त्यांची पुरेशी स्तुती झालेली आहे. या ट्रॅक्टरवाल्याची कुणी केलेली नाही.

सरिताचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत पूर्वी हातमाग होता. विणताना पाय सोडायच्या त्याच्या खड्ड्यावर फळ्या टाकून टेबल मांडलेलं, त्यावर लॅपटॉप. मला दारात पाहून सरिताचा चेहरा उतरला. तिच्या सासूबाईंनी पाणी दिलं आणि आमच्या मधोमध बसल्या.

"मी औषधाचा ट्रक अमरावतीच्या जागी अकोल्याले धाडला, सर," सरिता म्हणाली. "कोणी एक शब्द बोललं नाही. तुम्ही म्हणाले, छान, शिकायची संधी भेटली. ग्रुपवर सगळ्यायनं फुलं टाकली. फुलं, सर! आमच्याकडं माणूस गेल्यावर फुलं टाकतात. म्हटलं, आपलं आटोपलं. त्यायनं काढायच्या आधी आपणच निघावं."

"मागावर दोरा तुटला का मी इले म्हणो, कुठं होतं वं ध्यान तुझं?" सासूबाई म्हणाल्या. "मंग दोघी मिळून जोडो. तुमच्या हाफिसात तुटल्यावर वाहवा! काहून गा?"

मला गरुड आठवला, पण तो इथे उपयोगाचा नव्हता.

"रागवा न मंग आता," सरिता म्हणाली.

"सरिताताई, चूक तुमची होती," मी म्हणालो. "गाडीचा नंबर तुम्ही पूर्ण वाचला नाही आणि दुसऱ्याच गाडीचा पत्ता या ड्रायव्हरला दिला. दवाखान्यातले लोक दिवसभर औषधांची वाट पाहत बसले."

"हो जी."

"पुन्हा व्हायला नको. आणि तुम्ही जायचं नाही. तुमच्याशिवाय हे काम चालणार नाही."

ती मग उठली आणि माझ्यासमोर लॅपटॉप उघडून तिनं राजीनामा मागे घेतला.

"याले रागवताच येत नाही," सासूबाई सुनेला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बस गा बाप्पा, जेवून जा."

पाटवडी रस्सा (तिखट रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या वड्या) होता. मला घाम फुटला आणि नाक वाहू लागलं. त्यांनी न विचारता आणखी वाढलं. इतक्या निःसंकोच प्रेमानं मला बऱ्याच दिवसांत कुणी छळलं नव्हतं.

परतीच्या गाडीत विचार करत होतो. दूरच्या माणसाला त्याची चूक सरळ सांगावी, आणि तो ती ऐकून उद्या कामावर येईल असं धरून चालावं, एवढाच आशावाद मला पेलेल. तो मला उमरेडच्या दोन बायकांनी जेवू घालून शिकवला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

वर्धा आलं तेव्हा ग्रुपवर सरिताचा निरोप दिसला: 'सर, उद्या प्रशांतला दोन्ही पाळ्यांत लावलंत. तो माणूस आहे का ट्रक?'

खरंच लावलं होतं. 'चूक माझी' असं लिहिलं आणि पाळ्या बदलल्या. नवीन यादी पुन्हा वाचून पाहिली. पाचही नावं होती.