कायतानचा पहिला, ब्लेझचा दुसरा

जेसिंता टीचर सावंतवाडीच्या शाळेतून निवृत्त होऊन मालवणजवळच्या आपल्या खाडीकाठच्या वाडीत परतल्या, तेव्हा वाडीला वाटलं, बाई आता आराम करतील. वाडीचा अंदाज साफ चुकला. टीचरना आराम म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. गटार तुंबलं की टीचर, दोन जावा भांडल्या की टीचर. त्या बोलत मालवणी, पण चिडल्या की शुद्ध पुस्तकी मराठी सुरू व्हायची. ती सुरू झाली की चाळिशीतले बाप्येसुद्धा हातांची घडी घालून उभे राहत.

त्यांचा जीव होता तो माडाखालच्या खुरसात. चुन्याने रंगवलेला साधा क्रूस. आधी टीचरची आई रंगवायची, आता टीचर. मे महिन्यात तिथे लदीन होई. लदीन म्हणजे सायबिणीची, मरियाबाईची, एकेक नाव घेत गायची प्रार्थना. पुढे उभा असलेला नाव गातो, बाकीचे उत्तर देतात, ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर. मग खोबरं घातलेले उकडे चणे. शेजारची रुक्मिणी खुरसाला घालायला अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, घेऊन यायची. तिचा मुलगा विनीत जहाजावर, त्याच्या नावाने मेणबत्ती लावायची. वर्षातून ही एकच संध्याकाळ अख्खी वाडी एका जागी यायची. ती एकदा फुटली की पुन्हा सांधायची नाही, हे टीचर जाणून होत्या.

आणि यंदा ती फुटायला आली होती.

लदीन दोन आवाजांत गातात. पहिला कायतानचा, वरचा; दुसरा ब्लेझचा, त्याच्याखालून चालणारा. दुसऱ्याशिवाय पहिला म्हणजे नारळाच्या रसाशिवाय सोलकढी, नुसतं आंबट. पण ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, कायतान शिट्टी निशाणीच्या पॅनलमध्ये गेला आणि ब्लेझ कपबशीच्या. झालं! कायतानच्या घरी कपबश्या माळ्यावर गेल्या, पाहुण्यांना चहा पेल्यातून. ब्लेझच्या घरी कुकर बंद, कारण तो शिट्ट्या मारतो. त्याची बायको डाळ टोपात शिजवून शिजवून वैतागली. ब्लेझची रिक्षा दारासमोर उभी असताना कायतान भर उन्हात बाजारापर्यंत चालत जायचा.

एके सकाळी कायतान आला. “टीचर, औंदा लदीन आमच्या पॅनलची. मांडव, लायटी, सगळा आमचा. शनवारी.”

“खुरीस खंयच्या पॅनलमदी आसा रे?”

“तसा न्हय, टीचर…”

तो जातो न जातो तोच ब्लेझ. “टीचर, आमची लदीन आयतवारी. चणे आमचे.”

“लदीन एकच. शनवारी,” टीचर म्हणाल्या. “येवचा आसात तर ये, नायतर रिक्षा धुवत बस.”

शनिवारी दोघेही आले, आपापला गोतावळा घेऊन. दोन्ही पॅनलांचे शुभेच्छांचे फ्लेक्सही आले, हात जोडलेले उमेदवार दात काढून हसताहेत, असे. खुरसाच्या मागे लावायचे म्हणे. टीचरनी दोन्ही जमिनीवर पालथे अंथरले. “रुक्मिणी, धर गो ती बाजू.”

“टीचर, उमेदवाराच्या तोंडार बसूचा?”

“तोंड खाली आसा. तेका काय दिसाचा नाय. बस.”

डावीकडे शिट्टीवाले, उजवीकडे कपबशीवाले. कायतानने पहिलं नाव घेतलं. डावीकडून उत्तर आलं. उजवीकडे जवळजवळ सामसूम. ब्लेझ खाडीकडे बघत होता, जणू तिथे काही नवीनच दिसत होतं. तीन नावं अशी गेली. उजवीकडून उत्तर देणारी एकटी रुक्मिणी. तिला निवडणुकीतलं कळत होतं, लॅटिनमधलं अक्षर कळत नव्हतं, आणि तीच खणखणीत गात होती.

“थांबा!”

कायतानचा आ तसाच राहिला.

“ब्लेझ, तू उत्तर का देत नाहीस?” शुद्ध मराठी. माणसं चपापली.

“कायतान म्हणता, मगे मी कित्याक तेच्या मागसून…”

“कायतान फक्त नाव घेतो. विनंती सायबिणीला करायची आहे. ती शिट्टी वाजवत नाही आणि कपबशीतून चहाही पीत नाही. मत कुणाला द्यायचं ते द्या, त्यासाठी शाळेत खोली असते. इथे फक्त गायचं. चला, पुन्हा पहिल्यापासून!”

“पयल्यापासना?” कायतान कळवळला.

“तीन नावं अर्धीच झाली आहेत. तुझ्यामुळेही. शेजारी गप्प उभा होता आणि तू खुशाल गात सुटलास.”

कायतानने पुन्हा सुरुवात केली, पण घाबरून सूर भलताच वर धरला. पाचव्या नावाला आवाज चिरकला. आता फुटणार, सगळ्यांना कळलं. आणि कलंडणाऱ्या होडीला आपसूक हात जावा तसा ब्लेझचा आवाज त्याच्याखाली गेला. ब्लेझलाच ते उशिरा कळलं. तोवर उजवी बाजू गायला लागली होती. टीचरनी डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणाला ओरडावंसं वाटेना.

चणे वाटताना ब्लेझ कायतानवर चालून गेला. “सूर इतको वर कित्याक धरलंस रे मेल्या? माझो घसो फाटलो!”

“तू खाली वडतंस म्हणान!”

“मी वडतंय? गेल्या वर्साक कोण…”

“टीचर, भांडतत गो ते,” रुक्मिणी घाबरली.

“भांडांदेत.” टीचरनी चण्यांचा बकाणा भरला. “ह्या भांडान दर वर्साचा. लदनीचा.”

सोमवारी कायतान पुन्हा उन्हातून चालत बाजारात गेला, आणि रिक्षात बसलेल्या ब्लेझने मान फिरवली. टीचरनी व्हरांड्यातून पाहिलं, ‘गाढवं’ म्हणाल्या, आणि दोन्ही फ्लेक्स धुऊन, एकात एक घडी घालून माळ्यावर टाकले. न्यायला कोणी आलं नव्हतं. पुढच्या मेमध्ये बसायला लागणारच होते.