रंगूबाईंचा तंबोला

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता वडगाव निंबाळकरच्या समाजमंदिराच्या दारात बायकांच्या चपलांचा खच पडतो आणि तासाभरानं आतून रंगूबाईंचा आवाज येतो, "उसाची दोन टिपरी, अकराऽऽ!" माइक वगैरे लागत नाही. बाईंनी घरातून नवऱ्याला जेवायला हाक मारली की आजूबाजूच्या शेतांतले तिघंचौघंही हातपाय धुवायला निघतात.

त्या माहेरच्या नरसिंहपूरच्या. हवालदार हिंदुरावांशी लग्न झालं आणि वर्षभरात थेट पंजाबातल्या छावणीत जाऊन पडल्या. हिंदी शून्य, थंडी हाडात शिरणारी आणि नवरा दिवसभर कवायतीला. पहिले पंधरा दिवस त्यांनी रडण्यात काढले. सोळाव्या दिवशी समोरच्या सुभेदाराची गढवाली बायको चहा घेऊन आली, तिनं काही न विचारता रंगूबाईंचा हात धरला आणि त्यांना फॅमिली वेल्फेअर सेंटरला नेऊन बसवलं. तिथं शिवणयंत्रं होती, पाळणाघर होतं, आठवड्यातून एकदा येणारी डॉक्टरीण होती, आणि शनिवारी तंबोला होता. तिकिटावर पंधरा आकडे. पुकारलेला आकडा झाकायचा, आणि सगळे झाकले गेले की फुल हाऊस. रंगूबाईंना भाषा कळत नव्हती, पण आकडे कळत होते. त्या दिवसापासून रडणं थांबलं.

चारपाच वर्षांत त्या स्वतःच आकडे पुकारू लागल्या. एकदा खुद्द कर्नलसाहेबांच्या मॅडमनी न पुकारलेल्या आकड्यावर फुल हाऊस मागितलं. रंगूबाई तिकीट बघून म्हणाल्या, "गलत है, मॅडम. चौतीस अबी डब्बे में झोपा है." मॅडम पोट धरून हसल्या, पण हिंदुरावांना आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. खोटं फुल हाऊस कुणाचंही चालू द्यायचं नाही, हा बाईंचा तेव्हापासूनचा बाणा.

हिंदुराव निवृत्त झाले आणि दोघं गावी आली. गावात नि आसपास फौजींच्या पंधरावीस बायका. नवरे सीमेवर, आणि ह्या घराघरात एकेकट्या, मोबाइलकडे बघत बसलेल्या. रंगूबाईंना ते बघवेना. त्यांनी गुरुवार धरला. पहिला एक तास शिवण नि अर्ज-कागद, मग तंबोला. आकडे झाकायला चिंचोके, बक्षिसाला स्टीलची वाटी नाहीतर चहाची गाळणी. फुल हाऊसला त्यांनी नाव दिलं 'भरलं घर'. एकचा आकडा निघाला की त्या "एकलकोंडा" म्हणून ओरडायच्या आणि सगळ्याजणी मागून "एक!" म्हणायच्या. हिंदुरावांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: 'फक्त फौजी फॅमिलीसाठी'. फौजेत फॅमिली म्हणजे बायको. आपल्याकडेही कुणी "फॅमिलीला घेऊन आलोय" म्हटलं की मागे बायकोच उभी असते. त्यामुळे त्या पाटीत काही खटकण्यासारखं आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

मागच्या माघात एका गुरुवारी स्वरूपा आली ती डोळे सुजवून. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि नवऱ्याचा म्हणजे मल्हारचा सहवास सगळा मिळून बावन्न दिवसांचा. तो पंजाबातच होता.

"काकू, क्वार्टर मिळाली त्यांना," ती हुंदके देत म्हणाली. "म्हयना अखेरपोतर जाऊन ऱ्हायलं न्हाय तर म्होरच्या नंबराला देत्यात. परत दोन वरसं वाट बघायची. आन् आत्याबाई जाऊ देत न्हायत."

"का म्हणून?"

"सांगतच न्हायत. 'न्हाय जायाचं' येवढंच. त्यांचा फोन बी उचलंनात. आठ दिस झालं."

महिना संपायला बाराच दिवस उरले होते. रंगूबाईंनी त्या दिवशी तंबोला अर्ध्यातच आवरला आणि पदर खोचून तानूबाईंचं घर गाठलं. तानूबाई म्हणजे स्वरूपाची सासू. एके काळी मेंढरांमागे कोकणापर्यंत चाललेली बाई. आता मेंढरं गेली, दोन एकर ऊस नि एक म्हैस राहिली. नवरा दारूपायी चाळिशीतच गेला. एकुलत्या मल्हारला तिनं एकटीनं वाढवलं होतं.

"आक्का," रंगूबाईंनी बसता बसता तोंड उघडलं, "पोराला क्वार्टर मिळाली, पेढं वाटायचं सोडून..."

"नाव काढू नगंस!" तानूबाई कडाडल्या. "पेढं वाटू? त्याच्या बापानं काय कमी दाखवलं मला? फोनवर म्हंतोय कसा, 'आई, क्वार्टर मिळाली, लय दिस वाट बघत हुतो.' लाज न्हाय! आन् वर म्हंतोय, 'आता स्वरूपाला लावून दे.' का, तर गिलास भराय?"

रंगूबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्या खांबाला धरून हसत सुटल्या. चूक तानूबाईंची तरी कशी म्हणायची? गावाकडे पोलिसांची घरं म्हणजे लाइन, कारखान्याची म्हणजे कॉलनी; क्वार्टर म्हटलं की त्यांना एकच वस्तू माहीत, ती म्हणजे नवऱ्याच्या खिशात असायची ती बाटली.

"अगं, क्वार्टर म्हंजे खोली! सरकारी घर! बायकूला घिऊन ऱ्हायला!" त्यांनी स्वरूपाला हाक मारली आणि मल्हारनं पाठवलेला फोटो दाखवायला लावला. दोन खोल्या, मोरी, दारात पेरूचं झाड, दारावर पांढऱ्या रंगात नंबर.

तानूबाईंनी फोटो जवळून बघितला, लांबून बघितला. "हे?" त्या म्हणाल्या. "आन् मी आठ दिस देवाम्होरं रडतीया त्याच्या नावानं!" मग त्याही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. सून लाजून आत पळाली. हसणं थांबलं, पाणी मात्र थांबेना.

"जाऊ दे तिला नवऱ्याकडं," पदरानं तोंड पुसत त्या हळूच म्हणाल्या. "पण रंगू, खरं सांगू? आठ दिस राग हुता, आन् एक बरं बी वाटत हुतं. तिला ठिवून घ्याय सबब घावली हुती. ती गेल्यावर घरात मी आन् म्हस."

"मग गुरवारी येत जा की आमच्यात!"

"आले हुते. दोनदा. दारापोतर. पाटी वाचली, फॅमिलीसाठी." तानूबाईंनी गुडघ्यावरची धूळ झटकली. "मी आता कुणाची फॅमिली?"

छावणीत सोळाव्या दिवशी कुणीतरी आपला हात धरला होता, आणि आपण मात्र अशी पाटी लावून बसलो, याची रंगूबाईंना मनापासून लाज वाटली.

घरी येताच त्यांनी हिंदुरावांपुढे रंगाचा डबा आपटला. "फॅमिली खोडा."

"अगं, फौजेत फॅमिलीचा अर्थ ठरल्याला हाय," हिंदुराव म्हणाले.

"हितं फौज न्हाय. हितं मी हाय."

हवालदारसाहेबांनी निमूटपणे ब्रश घेतला. नव्या पाटीवर आलं: 'फौजींच्या घरच्या समद्यांसाठी'. 'समद्या'तली चूक दाखवायला शाळेचे गुरुजी आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मंगळवारी स्वरूपा दौंडहून झेलम गाडीत बसली. सोबत तानूबाईंनी बांधून दिलेली शेंगाचटणी, एक घोंगडं आणि रंगूबाईंची सूचना, "रडायचं आसंल तर पंधराच दिस. मग थेट वेल्फेअरला." गाडी हलली तसा तानूबाईंनी भरल्या फलाटावर आवाज दिला, "क्वार्टरला पोचलीस की फोन कर गं!" शेजारचे दोन म्हातारे त्यांच्याकडे बघतच राहिले.

गुरुवारी सगळ्यांच्या आधी तानूबाई हजर. भिंतीला टेकून बसल्या, तिकीट मांडीवर, चिंचोके मुठीत. तंबोला सुरू होऊन अर्धा तास गेला. रंगूबाईंनी सत्तावन्न पुकारला आणि भिंतीकडून आवाज फुटला, "भरलं! रंगू, भरलं गं घर माझं!"

रंगूबाई तिकीट तपासायला गेल्या. चौदा आकडे बरोबर. पंधरावा चिंचोका एकवर होता, आणि एक अजून निघालाच नव्हता. निघाला असता तर सगळ्या जणी ओरडल्या असत्या. आत्तासुद्धा मागून एक पोरगी म्हणालीच, "काकू, पण एकलकोंडा कुठं..."

चहाची किटली घेऊन दारात उभ्या असलेल्या हिंदुरावांना कर्नलसाहेबांच्या मॅडम आठवल्या. तानूबाईंचं तोंड लहान पोरीसारखं फुललेलं. रंगूबाईंनी आकड्यांच्या डब्यात हात घातला, चाचपून एकचा बिल्ला शोधला आणि गुपचूप कमरेला खोचला.

"बरोबर हाय," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आक्काचं घर भरलं. आणा ती गाळणी."