ओल्या कपड्यावरचं ताट

भावोजी गेल्याचं कळलं तेव्हा मी भांडुपच्या बाजारात सुरमईची घासाघीस करत होते. चाळीतला एकजण धावत सांगायला आला... मासळी तशीच कोळणीच्या पाटीत टाकून निघाले. महिना उलटला, अजून सुरमईकडे बघवत नाही.

माझ्या ताईचे यजमान. मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या मोठ्या बोटीवर, जेवणघरात वाढायचं काम त्यांनी जन्मभर केलं. महिनोन्‌महिने बाहेर, आणि घरी आले की तोंडी सतत त्या बोटीचंच नाव. ताई चिडायची, "माझी सवत ती! मेली म्हातारीसुद्धा होत नाही." पण झाली. लोक विमानानं जायला लागले, आणि गिरण्यांचा संप चिघळला होता त्या सुमारास बोट दारूखान्याच्या बंदरात तोडायला आली. भावोजींचं जेवणावरचं मनच उडालं. जाऊन बघून या म्हटलं, तर म्हणाले, "मयताला जायची छाती नाय गो माझी."

आणि निघालं कोण? ताई! ठेवणीतली साडी नेसली नि म्हणाली, "उठा. सवत झाली म्हणून काय शेवटचा नमस्कार नको?" मलाही ओढत नेलं. बोट अर्धी कापून झाली होती, आतल्या खोल्या भर उन्हात उघड्या पडलेल्या. भावोजी हमसून हमसून रडले हो! बाजूच्या भंगारवाल्याकडे जेवणघरातली टेबलं रचलेली होती. ताईनं एकावर हात ठेवला. "हे आपल्याकडे येणार."

खोली केवढीशी, त्यात ते धूड! त्या रात्री ताई म्हणाली, "जन्मभर यावर दुसऱ्यांना वाढलंत. आता बसा." बसले; पण ती भात आणायला वळली की भावोजी उठून उभे! "अहो, बसा ना!" मी पोट धरून हसत होते. बसण्याआधी मात्र त्यांनी टेबलावर कपडा अंथरून वर पाणी शिंपडलं. समुद्र खवळला की बोटीवर तसंच करतात, ताटं घसरत नाहीत. मग ते रोजचंच झालं. ताई म्हणायची, "भांडुपात कसला आलाय समुद्र?" ते नुसते हसायचे.

परवा भाचा म्हणाला, "आई, टेबल काढूया का? जागा होईल." ताई उठली. तांब्या घेतला, कपड्यावर पाणी शिंपडलं, भावोजींच्या जागी स्वतःचं ताट ठेवलं.

"ताई, आता कशाला गं?" मी म्हटलं.

"अगं, समुद्र आत्ता तर खवळलाय," म्हणाली, आणि जेवायला बसली.