सिमेंटचे बगळे

आज सकाळी गाळाची ट्रॉली दारावरून गेली आणि तो काळा, ओला, कुबट वास नाकात शिरला. पंधरा वर्षं झाली, तरी त्या वासानं माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी भडगावकडच्या आमच्या गावचा सरपंच होतो. तळ्याच्या उथळ टोकाला पाणकणसाचं रान माजलं होतं आणि कपाशीच्या शेतांना गाळ हवा होता. जेसीबीला हार घालून मीच नारळ फोडला. तळ्यात मासे धरणारे सुकानाना गुडघाभर चिखल तुडवत आले.

"भाऊ, आठे पानी उथळ शे म्हनीसन पाखरं येतस. बठ्ठा गाळ काढू नका."

"नाना, सगळाच काढायचा. पाखरांचं काय, जातील दुसरीकडे," मी हसून म्हणालो.

जेसीबीचा पहिला घाव बसताच जांभळ्या पाणकोंबड्या ओरडत उठल्या, लांब लाल पाय लोंबकळत. त्यांचं लपायचं रान गाळासकट ट्रॉलीत पडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता तळं खोल आहे, काठोकाठ भरतं. पाखरू मात्र उतरत नाही. गेल्या महिन्यात पंचायतीनं शोभेला काठावर सिमेंटचे दोन बगळे बसवले. माजी सरपंच म्हणून नारळ फोडायला मलाच बोलावलं.

आणि मी फोडलाही.