डांबराच्या मलमाचा वास
रस्त्यावर डांबर ओतलं की मला चिंचवडच्या त्या डॉक्टरीणबाई आठवतात. माझ्या कोपरांवर खवल्यांचे चट्टे उठले, तेव्हा महारोग समजून सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं, तान्हं पोर जावेकडे दिलं. मग त्या मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापूस फिरवला. "कळतंय?" "व्हय." मग काचेच्या पट्टीनं हलकेच खरवडलं, चंदेरी कोंडा झडला, खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटले. काय हात होता! "हा सोरायसिस. महारोगात चट्टा बधिर असतो. हा कुणाला लागत नाही," त्या सासूबाईंना म्हणाल्या. घरी सासूबाईंनी बाईंनी दिलेलं डांबराचं मलम स्वतःच्या बोटांनी मला चोळलं आणि पोर मांडीवर दिलं. त्या वासात ते पोटभर प्यालं. आज रस्त्यावर डांबर दिसलं की सगळ्यांत आधी नाक दाबतं ते तेच पोर.